बोटीने आलेली अंडी

अंडं आतून बोलतं, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की माणसं हसतात, आणि मला हसलेलं खपत नाही. पण घोडपदेवच्या आमच्या खोलीत, भर दुपारी, दारं-खिडक्या लावून बसलेल्या दोन बायकांनी ते ऐकलेलं आहे. एक मी आणि दुसऱ्या माझ्या सासूबाई. सासूबाई आता नाहीत, तेव्हा साक्षीला मी एकटीच उरले. ज्याला पटेल त्याने वाचावं.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. माझं माहेर गिरगावातलं, वडील कचेरीत कारकून. आमच्याकडे कोंबडी भेटायची ती ताटात, तीही एखाद्या रविवारी. लग्न होऊन आले ती थेट मालवणी घरात. हे मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात कामाला होते. एक खोली, वर पोटमाळा, पुढे सामाईक गॅलरी, आणि घरात आम्ही तिघं. मुलं व्हायची होती.

घरात एका बाईचं नाव कधी निघत नसे. सासूबाईंची नणंद. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली, अख्खा गाव तिला आते म्हणायचा. सासूबाई मात्र फक्त 'ती' म्हणत. यांना तान्हेपणी गावी आतेकडेच ठेवलं होतं, कारण मुंबईच्या खोलीत ना धड दूध ना हवा. तिने पोराला जीव लावून वाढवलं. शाळेच्या वयाचा झाल्यावर सासूबाई त्याला न्यायला गेल्या, तेव्हा बंदरावर बोट लागलेली असताना, चारचौघांसमोर आते म्हणाली, "न्हेतंस तर न्हे. पण तुझ्या हाताखाली काय एक जगाचा नाय."

त्यानंतर सासूबाईंना दोन मुली झाल्या. दोघीही पाऊल टाकायच्या आधीच गेल्या. जगला तो एकच, आणि तो आतेच्या हातचा. हा हिशेब सासूबाईंनी कधी बोलून दाखवला नाही, पण खिडकीतल्या तुळशीलाही त्या स्वतः पाणी घालत नसत, मला सांगत. कुंडी तुझ्या हाताची, म्हणायच्या. मला ते खुळं वाटायचं आणि रागही यायचा. एवढी खमकी बाई, नळावर सगळ्या चाळीला पुरून उरणारी, आणि एका तुळशीला भिते!

आतेला मी एकदाच पाहिलं, लग्नानंतर गावी देवाला गेलो तेव्हा. सासूबाई आल्या नव्हत्या. आते काटकुळी, कमी बोलणारी. दुपारी अंगणात उभी राहून ती कोंबड्यांना हाक मारायची, "तीऽ ती ती ती", नाकातून, आणि शेवटचा सूर असा वर उचलायची की कुणाला प्रश्न विचारते आहे. कुंपणापलीकडच्या शेजारणीच्या कोंबड्याही त्या हाकेला माना वर करायच्या. ती हाक माझ्या कानात राहिली.

पुढे एका थंडीत आमच्या दारात एक गाववाला उभा राहिला. हा परळच्या मिलमधला, रजा संपवून बोटीने परत आलेला. धक्क्यावरून थेट आमच्याकडे आला होता. हातात करंडी, वर फडकं बांधलेलं.

"काकी, आतेन तुका अंडी धाडल्यान हत. गावात कोंबड्यांका मानमोडी लागली, सगळी मेली. तिच्या एकाच कोंबडीची ही उरली. सांगल्यान, तुझ्याच हातान बसव."

एवढं बोलून तो गेला. सासूबाई करंडीकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत नणंदेकडून आलेली ही पहिली वस्तू.

"मुद्दाम सांगल्यान, 'हातान'," त्या म्हणाल्या. "बगलंस मा? माझो हात आठवता तिका अजून."

"अहो आई, सरळ म्हणाली असेल. नाहीतर अंडी काय पायाने बसवतात?"

माझा विनोद वाया गेला. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांचं म्हणणं असं की, बसवली आणि एकही निघालं नाही तर तिचा शब्द खरा ठरला. बसवलीच नाहीत तर घाबरली म्हणून खरा ठरला. एक जरी पिल्लू निघालं तर मात्र इतक्या वर्षांचा तो काटा निघेल. म्हणजे डाव मांडणं भागच होतं. पण त्याआधी त्यांनी एक केलं. करणी करायची तर अंडंच लागतं, असं त्या भागात कोण मानत नाही? त्यांनी परात घेतली, पाण्यात मीठ आणि हळद कालवली आणि एकेक अंडं त्यात बुडवून, चोळून, लख्ख धुतलं. मग करंडीवरून मिरच्या उतरून शेगडीत टाकल्या. आम्ही दोघी खोकून बेजार झालो.

अंडी धुवायची नसतात, हे मला पुढे कळलं. कवचावर निसर्गाने दिलेलं एक पातळ पांघरूण असतं. ते गेलं की बाहेरची घाण आत शिरते. गावी कोंबड्यांत वाढलेल्या बाईला हे ठाऊक नसेल असं नाही. पण भीती वाटली की माणूस आधी धुवायला घेतो.

करंडीत खाली भाताचं तूस होतं. ते भांडी घासायला उपयोगी पडेल म्हणून मी डब्यात ओतत होते, तर हाताला काहीतरी गोल लागलं. एक अंडं तळाशीच राहिलं होतं. सासूबाई परात घेऊन मोरीत गेल्या होत्या. सांगितलं असतं तर त्यांनी तेही चोळलं असतं. मला त्या मिरच्यांचा इतका राग आला होता की मी ते पुसलंही नाही. कोळशाने त्यावर एक बारीक टिंब काढलं आणि बाकीच्यांत ठेवून दिलं. बसवायची अंडी मोजू नयेत अशी त्यांची रीत, त्यामुळे त्यांना पत्ताच लागला नाही.

बोटीतून आलेली अंडी लगेच बसवत नाहीत, हे मात्र त्यांनीच सांगितलं. बोटीचा हेलकावा आत उरतो म्हणे, तो निवायला हवा. तांदळाच्या पिपात रुंद बाजू वर करून आम्ही ती उभी ठेवली. दुसऱ्या दिवशी यांनी खिडकीच्या फळीतल्या भोकातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेवर एक अंडं धरून दाखवलं. आतला हवेचा बुडबुडा अंडं तिरपं केलं की इकडून तिकडे सरकत होता. बोट धक्क्याला लागून एक दिवस उलटला होता, खोली स्थिर होती, आणि अंड्यात अजून समुद्र हलत होता. मला ते बघवेना. मी म्हटलं, ठेवा ते खाली.

मग कोंबडी हवी. कोळीवाड्यातली एक कोळीण आमच्या ओळखीची होती, तिच्याकडे खुडूक, उबवायला बसलेली कोंबडी होती. एका संध्याकाळी हे पिशवीत घालून ती घेऊन आले. अशी कोंबडी म्हणजे दगडावरसुद्धा बसेल. आम्ही तिला अंड्यांवर सोडलं. तिने मान वाकडी करून खाली पाहिलं, एक पाय ठेवला, उचलला, आणि खाली उतरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पुन्हा ठेवली, पुन्हा उतरली. सकाळपर्यंत ती त्याच कोपऱ्यात, भिंतीकडे बघत. हळदीचा वास आला असेल, असं हे म्हणाले. कोंबडी कोळिणीकडे परत गेली.

शेवटी यांनी चहाच्या खोक्याचं घरटं केलं. आत मिलमधून आणलेला वेस्ट, म्हणजे टाकाऊ कापूस, वर बल्ब, कडेला पाण्याची वाटी, कारण नुसत्या कोरड्या उष्णतेने आतला पापुद्रा वाळतो. ताप बघायची काचेची नळी आत ठेवली, पण तिचा पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. दर खेपेला नळी झटकायची आणि परत ठेवायची, याला मी कंटाळले. सासूबाई म्हणाल्या, "डोळ्याच्या पापणीक लाव. पापणीक कळता." आणि खरंच कळायचं. गार असलं तर पापणी दचकते, जास्त तापलं असलं तर मिटून घेते. त्या स्वतः मात्र अंड्यांना हात लावायच्या नाहीत. धुताना काय तेवढा लावला. उलटीपालटी मी करायची, पापणीला मी लावायची, त्या खोक्याशी बसून राखण करायच्या.

एकवीस दिवस काढायचे होते. पहिल्या आठवड्यानंतर आम्ही दुपारी सगळं बंद करून त्या तिरिपेवर एकेक अंडं धरू लागलो. काही अंडी नुसतीच पिवळी, आत काही नाही. प्रवासाने ती आधीच संपलेली होती. काहींत रक्ताचं गोल कडं दिसे, म्हणजे जीव धरला आणि मग सुटला. आणि काहींत लाल बारीक शिरा, मधोमध एक काळा ठिपका, आणि तो ठिपका हलायचा. तो हलला की सासूबाई माझा दंड धरायच्या. त्यांची नखं मला लागायची, पण मी सोडवून घेत नसे.

मग वास सुरू झाला. आधी वाटलं, गॅलरीत कुणाची सुकी मासळी आहे. एका सकाळी खोक्यात फट्ट असा आवाज झाला आणि एक अंडं फुटलं. त्याचा वास मी शब्दांत सांगणार नाही. पुढे तसं होत राहिलं. ज्या अंड्याला घाम आल्यासारखे थेंब दिसत ते आम्ही आधीच काढून ओल्या फडक्यात गुंडाळत असू. प्रत्येक वेळी सासूबाई म्हणत, "तिची जीब." रागाने नाही, पाऊस आला म्हणावं तसं.

त्यातच रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, आणि शहर पेटलं. गोळीबार झाला. संचारबंदी लागली. हे पाळीला गेले होते ते तिकडेच अडकले. परळला एका सोबत्याच्या खोलीवर आहेत असा निरोप कुणीतरी छपरांवरून छपरांवर हाका देत आणला, त्यानंतर काही नाही.

मुंबई गप्प झालेली तुम्ही ऐकली आहे का? मिलचे भोंगे बंद. दिवसाचे प्रहर ज्यावर चालायचे तेच गेले. गॅलरीत पोरं नाहीत, खाली फेरीवाला नाही. भर उन्हात रस्ता धुतल्यासारखा रिकामा आणि मधूनच एक शिट्टी. आम्ही दोघी, खोक्यातला बल्ब, आणि कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेली सडकी अंडी, कारण ती टाकायला खाली उतरायची सोय नव्हती. सासूबाई खोक्याकडे बघत, मग दाराकडे बघत. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला स्वच्छ दिसत होतं. एकच जगला होता, आणि तो बाहेर होता.

अशा एका दुपारी बल्ब उडाला. दुसरा घरात नव्हता आणि दुकानं बंद. शेगडी जवळ ठेवावी तर एक बाजू भाजणार, दुसरी गार. खोक्यात तेव्हा एकच अंडं उरलं होतं. टिंबाचं.

ते मी पापणीला लावलं. ऊब उतरत होती.

"आई, ओच्यात घ्या हे. अंगाशी धरा."

"मी हात लावचंय नाय. माझो हात लागलो काय तां मरतला."

"मग मी धरते. पण मला चूल आहे, नळ आहे. तुम्ही दिवसभर बसूनच असता."

"नाय म्हटलंय मा!"

तेव्हा माझं डोकं फिरलं. इतक्या दिवसांचा वास, ती शांतता, यांची काळजी, सगळं एकदम बाहेर आलं. मी म्हटलं, "तुमच्या हाताखाली काही जगत नाही? मग मी कोण? लग्न झाल्यापासून तुमच्या हातचं खाते, वर तुमचे टोमणे खाते. मेले का मी?"

हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं बहुधा. मलाही त्याआधी सुचलं नव्हतं.

"तुझी जीब पण काय कमी नाय," त्या म्हणाल्या, आणि ओचा पसरला.

मग त्या हलल्या नाहीत. भिंतीला टेकून, पोटाशी अंडं धरून, दिवसचे दिवस. झोपायच्याही बसूनच. मी भरवायचे, वाटीत पाणी धरायचे. नळी झटकायचं काम संपलं. माणसाच्या पोटाला बरोबर तेवढीच ऊब असते.

ती दुपार मला पुरती आठवते. मी तांदूळ निवडत होते. बाहेर इतकं शांत की तांदळाचा दाणा सुपात पडलेला ऐकू यावा. आणि खोलीत हाक आली. "तीऽ ती ती ती." नाकातून, शेवटचा सूर वर उचललेला.

मी वर पाहिलं. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते, त्यांनी ते उघडले.

"तू हाक मारलंस?" त्यांनी विचारलं.

"मी? तुम्ही मारलीत."

"मी तोंड उघडूक नाय गो."

आम्ही एकमेकींकडे बघत होतो तेवढ्यात त्यांच्या ओच्यातून उत्तर आलं. बारीक, पाण्याखालून आल्यासारखं, च्यिव. अंडं अजून अख्खं होतं, एक तडा नव्हता. पुन्हा, च्यिव. सासूबाईंनी ते कानाशी नेलं. हात लावायची भीती त्या क्षणी त्यांना आठवलीसुद्धा नाही.

थोड्या वेळाने कवचाला बारीक भोक पडलं आणि त्यातून चोचीचं टोक दिसलं. मग काहीच होईना. भोक तेवढंच, चोच नुसती उघडमिट करत होती. आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटला होता. अशा वेळी घाई केली तर रक्त येतं, नाही केली तर ते आतच गुदमरतं. मी कोमट पाण्यात फडकं भिजवून दिलं. सासूबाई नखाच्या टोकाने कवचाचा एक तुकडा काढायच्या, फडकं लावायच्या, थांबायच्या. पुन्हा एक तुकडा. ज्या हाताने त्या तुळशीला पाणी घालत नव्हत्या तो हात. दुपार उतरायला लागली आणि एक ओलं, कुरूप, गळून गेलेलं पिल्लू त्यांच्या तळहातावर पडलं. त्याने मान उचलली, पाडली, परत उचलली.

"जगलां," सासूबाई म्हणाल्या. मग वर, कुणीच नव्हतं त्या बाजूला बघून, "बगलंस?"

मला रडू आलं, आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम.

संचारबंदी उठली. हे दाढी वाढलेले, पण धडधाकट परत आले. त्यांना पाहून सासूबाईंनी आधी पिल्लूच पुढे केलं. मग काही दिवसांनी बोटी सुरू झाल्या आणि आतेची ती कुंपणापलीकडची शेजारीण आमच्या दारात आली. तिचा मुलगा लालबागला असायचा. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच बसली, त्यावरूनच आम्ही ओळखलं.

"आते गेली," ती म्हणाली. "पण लय हाल झाले. अंडी धाडली आणि तिका वात झालो. जीब लुळी पडली. खाणा नाय, बोलणा नाय, आणि जीव जाय ना. इचारला, काय होया, तर बोटान खुराडा दाखवी. खुराडा तर रिकामा. ती कोंबडी पण मेली होती. मगे एका दुपारी एकदम हाक मारल्यान, 'तीऽ ती ती ती.' अख्ख्या वाडीक ऐकाक गेली. जी बाई पाणी मागूक शकत नव्हती, ती! हाक मारल्यान, कान देऊन रवली, आणि हसली. आणि गेली."

कुठली दुपार, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

सासूबाईंच्या ओच्यात पिल्लू झोपलं होतं. त्यांनी हळूच विचारलं, "अंडी कित्याक धाडल्यान गो माका? काय बोलली?"

"बोलली मा. धाडल्यान त्याच दिसा माका सांगल्यान. म्हणाली, 'तिच्या हातान एक तरी जगांदे. माझी जीब सुटांदे. मी तिका बोललंय, तां माकाच लागला.'"

शेजारीण गेली. मग सासूबाई म्हणाल्या, "तिना माफी धाडल्यान, आणि मी ती मिठाच्या पाण्यान धुतलंय. एकूण एक."

"एकूण एक नाही, आई," मी म्हटलं. "एक तुसात राहिलं होतं. तुम्ही मोरीत होतात. मी तुम्हाला सांगितलं नाही. हे तेच."

त्यांनी पिल्लाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिल्लू उचलून माझ्या हातात दिलं आणि सुतकाची अंघोळ करायला मोरीत गेल्या. पाणी पडत राहिलं. त्या आवाजाआड त्या मोठ्याने रडत होत्या, आणि नणंदेला हाक मारत होत्या, नावाने. त्या घरात ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.